इतवारीतला खोकल्याचा पुडा: काय ठेवायचं, काय परत करायचं

नागपुरात इतवारीच्या किराणा ओळीत किंवा मस्कासाथकडे जडीबुटीच्या दुकानात जाऊन नुसतं 'खोकल्याचं द्या' म्हटलं, की दुकानदार सहसा पुढचं काही विचारत नाही. सवयीचा हात डब्यांवरून फिरतो. ज्येष्ठमधाच्या चार काड्या, पिंपळी, काळी मिरी, सुंठ, लवंग, दालचिनी, बेहड्याची साल, काकडशिंगी, अडुळशाची वाळलेली पानं, वर खडीसाखरेचे दोन खडे, आणि पुडा बांधून तयार. 'रात्री उकळून प्या, सकाळी मोकळं.'

माल बहुतेक ठिकाणी चांगला असतो, भावही ब्रँडेड बाटलीपेक्षा परवडतो. गडबड वेगळीच आहे. हा पुडा बेडका पडणाऱ्या, छातीत घरघर करणाऱ्या खोकल्याचा आहे. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत आणि पुन्हा एप्रिल-मे महिन्यांत कूलरसमोर झोपून जी ढास लागते, तिच्यात पडायला बेडकाच नसतो. घसा सुकलेला, खवखवणारा, आणि त्यावर आपण सुंठ-मिरीचा कढत काढा ओततो. सोललेल्या गुडघ्यावर तिखट चोळल्यासारखंच ते. म्हणून पुडा आहे तसा न घेता जिनसा वेगवेगळ्या मागा. 'मिक्स नको, अलग अलग बांधा' म्हटलं तर कोणी नाही म्हणत नाही.

सगळ्यात आधी ज्येष्ठमध. अख्ख्या पुड्यात कोरड्या घशासाठी एकच गोष्ट ठेवायची तर हीच. काडी घ्या, पूड नको. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वरून तपकिरी सुरकुतलेली काडी दुकानातच मोडून बघा. आत पिवळाधमक, तंतुमय गाभा दिसला पाहिजे आणि मोडताना बारीक पिवळसर धूळ उडाली पाहिजे. गाभा करडा-काळपट असेल किंवा टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसत असतील, तर जुना किंवा भुंगा लागलेला माल आहे, तो परत करा. तुकडा चावला की आधी साखरेहून दाट गोडवा येतो, मागून किंचित कडवटपणा, आणि तो गोडवा बराच वेळ जिभेवर रेंगाळतो. नुसताच भुसा चावल्यासारखं वाटलं तर त्या काडीत दम उरलेला नाही.

पूड का नको, तर तिच्यात काय मिसळलंय हे घरी ओळखता येत नाही. आयोडीनचा थेंब टाकून स्टार्च तपासायची युक्ती व्हॉट्सॲपवर फिरत असते. ती इथे बिनकामाची आहे, कारण ज्येष्ठमधाच्या मुळीत स्टार्च अंगचाच असतो. शुद्ध पूडही निळीच पडणार. शिवाय कोरड्या घशात कोरडी पूड टाकली की पहिला परिणाम ठसक्याचाच होतो.

वापरायच्या रीती दोन. पहिली अगदी साधी: दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा खलबत्त्यात एकदाच ठेचायचा, म्हणजे तंतू मोकळे होतात, आणि गालात धरून पंधरा-वीस मिनिटं रस गिळायचा. चोथा थुंकून टाकायचा, गिळायचा नाही. बोलण्याचं काम करणाऱ्यांना, म्हणजे शिक्षक, वकील, कीर्तनकार यांना हीच रीत सोयीची.

दुसरी रीत काढ्याची. 3 ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा भरड, दोन कप पाण्यात घालून मंद आचेवर एक कप उरेपर्यंत आटवायची. भांडं मोठं घ्या. ज्येष्ठमधात साबणासारखा फेस करणारं द्रव्य असतं. उकळी फुटली की पांढरट फेसाचा थर भराभर वर चढतो आणि दूध ऊतू जावं तसा गॅसवर येतो. दुकानात फसलो नाही याची ही घरगुती खूणही आहे: चांगल्या काडीच्या काढ्यावर फेस टिकतो, जुन्या मालावर तो लगेच बसतो. चहाच्या गाळणीने गाळू नका. बारीक तंतू तिच्यातून निसटतात आणि घशाला टोचून पुन्हा ढास लागते. सुती कापडाची दुहेरी घडी घ्या. काढा थर्मासात भरून दिवसभर घोट-घोट प्यायचा, एका दमात नाही. घसा ओला ठेवणं हेच त्याचं काम आहे.

मर्यादा मात्र कडक. दिवसाला 3 ते 5 ग्रॅम, आणि तेही आठवडाभर, बस. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन शरीरात पाणी आणि मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम कमी करतं, रक्तदाब वाढवतं. बीपीवाले, लघवीच्या गोळ्या घेणारे, हृदयाची डिगॉक्सिन घेणारे, किडनीचे रुग्ण आणि गरोदर बाया यांनी तो पुड्यातून काढूनच टाकायचा. 'आयुर्वेदिक आहे, काय होते' हे वाक्य इथे चालत नाही.

त्यांच्यासाठी दुसरी जिन्नस आहे आणि ती जडीबुटीच्या दुकानात मागावीही लागत नाही: जवस. विदर्भात जवसाची ओळख चटणीपुरती उरली आहे, पण कोरड्या घशाला तिच्यासारखा लेप दुसरा नाही. एक मोठा चमचा, म्हणजे अंदाजे 10 ग्रॅम कच्ची, अख्खी जवस एका मोठ्या ग्लासभर पाण्यात टाकून मंद आचेवर पाच ते सात मिनिटं उकळायची. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होतं. उतरवल्या-उतरवल्या गरम असतानाच गाळायचं. दहा मिनिटं विसरलात तर ते इतकं घट्ट होतं, की गाळणीतून लोंबत राहतं, खाली पडत नाही. मग पुन्हा पाणी घालून तापवा. चटणीसाठी भाजलेली जवस चालत नाही, तिचा बुळबुळीतपणा नीट सुटत नाही. दळलेलीही नको, तेल सुटून वास मारते. कोमट असताना चिमूटभर खडीसाखर घालून दोन-दोन घोट घ्या. चव? खरं सांगायचं तर चव काहीच नाही, आणि बुळबुळीत स्पर्श बऱ्याच जणांना रुचत नाही. लिंबू पिळायचा मोह टाळा, खरवडलेल्या घशाला ते झोंबतं. रोजच्या गोळ्या चालू असतील तर त्या आणि हे पाणी यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा, कारण या लगद्यामुळे औषध शोषलं जायला उशीर होतो.

खडीसाखर धाग्याची घ्या की चौकोनी, दोन्ही शेवटी साखरच. धाग्याची मोठी असल्याने हळू विरघळते आणि तोंडात लाळ जास्त वेळ सुटत राहते, एवढाच तिचा फायदा. मधुमेह्यांनी तिच्या जागी वेलचीचा एक दाणा तोंडात धरावा.

पुड्यातल्या बेहड्याला मात्र लोक विनाकारण कमी लेखतात. बेहडा आपल्याच जंगलातला, त्रिफळ्यातलं एक फळ. घ्यायची ती फक्त साल, बी टाकून द्यायची. नखाएवढा तुकडा तव्यावर नुसता गरम करून गालात ठेवला, की तुरटपणामुळे लाळ सुटते आणि ती घशात गुदगुल्या केल्यासारखी वळवळ थांबते. लवंगादि वटीत हाच बेहडा लवंग आणि मिरी यांच्या जोडीने सम भागात असतो, तिघांच्या एकूण वजनाइतका कात, आणि सगळं बाभळीच्या सालीच्या काढ्यात खललेलं. ही तयार गोळी कुठल्याही आयुर्वेदिक दुकानात मिळते. चघळायची असते, पाण्यासोबत गिळली तर पैसे वाया. दिवसाला चार-पाच पुरेत. त्याहून जास्त घेतल्या तर लवंग-मिरी जिभेला आणि पोटाला जाळते, आणि कात तोंड आणखी कोरडं करतो.

आता सितोपलादी, म्हणजे खोकल्याचं तयार मिळणारं आयुर्वेदिक चूर्ण. नागपूरकराला ते वेगळं समजवायला नको, बैद्यनाथसारखा कारखानाच गावात आहे. पण डबी उघडून चमचाभर पूड तोंडात फेकणाऱ्यांची संख्या बघता प्रमाण आणि रीत दोन्ही सांगायला हवं. ग्रंथातलं माप सरळ दुपटीचं आहे: दालचिनी 1 भाग, वेलची 2, पिंपळी 4, वंशलोचन 8, खडीसाखर 16. घरी करायचं तर दालचिनी 5 ग्रॅम, वेलचीदाणे 10 (सालीसकट 15 ग्रॅमच्या आसपास वेलची लागते), पिंपळी 20, वंशलोचन 40, खडीसाखर 80. एकूण 155 ग्रॅम, चौघांच्या घराला एका मोसमाला भरपूर. प्रत्येक जिन्नस वेगळी दळून वस्त्रगाळ करायची, साखर सगळ्यात शेवटी. सगळं एकदम मिक्सरमध्ये टाकलं तर साखर तापून ओलसर होते आणि पूड भांड्याच्या तळाशी चिकटते.

इथे अडचण वंशलोचनाची. खरं वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात साठलेली सिलिका. ते दुर्मीळ आणि महाग. बाजारात त्या नावाने बहुतेक कृत्रिम सिलिकाच मिळते. स्वस्त आणि एकसारख्या पांढऱ्याशुभ्र खड्यांचा ढीग दिसला तर समजून जा. खऱ्याचे तुकडे वेडेवाकडे, निळसर झाक असलेले, काहीसे पारदर्शक असतात आणि ओल्या जिभेला चिकटतात. कृत्रिमही चिकटतं, त्यामुळे केवळ त्या खुणेवर जाऊ नका. कोणतंही घेतलं तरी काजळासारखं बारीक झालं पाहिजे. बोटांत चोळल्यावर रेतीसारखं कचकचलं तर ते कोरड्या घशाला घासणार. घरी इतकं बारीक होत नाही, म्हणून या एका जिन्नसाच्या बाबतीत आमचं मत तयार डबीच्या बाजूने आहे. डबीवर घटकांची यादी, परवाना क्रमांक आणि तारीख बघून घ्या.

घ्यायची रीत: अर्धा ते एक चहाचा चमचा चूर्ण, बेडका असेल तर मधात, कोरडी ढास असेल तर तुपात कालवून चाटण. लोण्यासारखं दाट झालं पाहिजे. पाच मिनिटं चाटत राहायचं, आणि वर पंधरा मिनिटं पाणी नाही. मध-तूप दोन्ही घेणार असाल तर सम प्रमाणात नको, असा वैद्यांचा दंडक आहे. आणि शुगरवाल्यांनी हिशोब करावा: 155 पैकी 80 ग्रॅम साखर, म्हणजे निम्म्याहून जास्त.

मध जडीबुटीच्या दुकानातून घ्यायची गरज नाही. पोळं टोपलीत दाखवत दारोदार फिरणाऱ्याकडून तर नाहीच. पोळं खरं असलं तरी बाटलीतलं त्याच पोळ्यातलं असेल याची हमी कोण देणार? पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवून बघणं या घरगुती परीक्षा भरवशाच्या नाहीत. थंडीत मध गोठला, दाणेदार झाला म्हणून तो बनावट ठरत नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा वाहता होतो. रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध नुसता चाटणं हा लहान मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर चाचण्यांतही उपयोगी दिसलेला उपाय आहे. पण एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही लावायचं नाही. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्याला ते झेपत नाहीत. बारशाला मध चाटवायची हौस असलेल्या आजीबाईंना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. लवंग, बेहडा, खडीसाखरेचा खडा हे सगळं पाच वर्षांखालच्या मुलांना नको, ठसका लागून श्वासात अडकतं.

मुलांचा विषय निघाला म्हणून. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली मुलं भेसळीच्या कफ सिरपमुळे किडनी निकामी होऊन दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपूरच्याच दवाखान्यांत उपचार चालले होते. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. त्यानंतर घराघरांत सिरपची बाटली मागे पडून पुडा पुढे आला, हे समजण्यासारखं आहे. पण म्हणून मोठ्यांच्या मापाचा काढा मुलाच्या घशाखाली ढकलायचा नाही. एक ते पाच वयाला अर्धा चमचा मध आणि कोमट पाणी, एवढंच. ताप, धाप किंवा लघवी कमी दिसली तर थेट बालरोगतज्ज्ञ.

बाकी जिनसा झटपट. अडुळसा: उत्तम, पण चिकट बेडका सोडवायला. ब्रोमहेक्झिन हे औषधही याच्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच बनलं. कोरड्या ढाशीत त्याला सोडवायला काही नसतं. गरोदरपणात तर नकोच. काकडशिंगी: तीच गत, शिवाय घरी कोणी ओळखू शकत नाही, पुड्यातून काढा. दालचिनी: चिमूटभर वासापुरती. सुंठ, मिरी, पिंपळी: सितोपलादीत पिंपळी आहे तेवढी पुरे. 2020 पासून काढ्याची सवय लागलेल्या घरांनी आयुष मंत्रालयाचं मापच आठवून बघावं: तुळस 4, दालचिनी 2, सुंठ 2, मिरी 1. म्हणजे मिरी सगळ्यात कमी आणि तुळस तिच्या चौपट. घरी मात्र नेमकं उलट होतं, आणि मग तोंड येणं, छातीत जळजळ. जळजळीने आंबट पाणी घशाशी आलं की त्यानेही कोरडा खोकला होतो. सावजीची तर्री रात्री दहाला ओरपून अकराला आडवं होणाऱ्यांचा अर्धा खोकला तिथूनच येतो, त्याला जडीबुटी दोषी नाही आणि उपायही नाही.

हळदीसाठी जडीबुटीच्या पुड्याकडे बघूच नका. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद आपल्या हाताशी आहे, 2016 पासून भौगोलिक मानांकन मिळालेली. हळकुंड आणून घरी कुटलेलं उत्तम, कारण सुट्या पुडीत रंगाची भेसळ होते. पाव चमचा हळद एक कप सायीच्या दुधात घालून तीन-चार मिनिटं उकळा, वर मिरीची चिमूट आणि अर्धा चमचा तूप. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं, म्हणून पाण्यातल्या हळदीच्या गुळण्यांत फारसा अर्थ नाही. कोरड्या घशाला आराम मिळतो तो निम्मा तर सायीचाच. जळजळ होणाऱ्यांनी हे झोपायच्या दोन तास आधी घ्यावं.

आणि सगळ्यात स्वस्त जिन्नस इतवारीत जाऊन आणायचीच नाही: मीठ. अर्धा चहाचा चमचा, म्हणजे 3 ग्रॅमच्या आसपास, एका पेल्यात, साधारण 200 मिली कोमट पाण्यात. 'जास्त मीठ जास्त गुण' हा हिशोब इथे उलटा पडतो, खारट पाणी घशातला ओलावा ओढून घेतं. मान मागे करून 'आऽऽ' आवाज काढत पंधरा-वीस सेकंद गुळणी धरायची. आवाज न काढता नुसतं पाणी तोंडात खेळवलं तर ते पडजिभेपर्यंत पोचतच नाही. दिवसातून तीन-चार वेळा, आणि गुळणीनंतर जवसाचं पाणी किंवा मध.

पानठेल्यावरही एक उपाय मिळतो, ज्याला नागपुरात कोणी उपाय म्हणून बघत नाही: गुंजेचा पाला. साध्या पानात गुंजपाला, ज्येष्ठमध, बडीशेप आणि वेलची सांगायची. चुना, कात, सुपारी नको. गुंजेचं पान गोड आणि घशाला मऊ असतं. पण पाला तो पाला, बी नाही. लाल-काळी गुंज दिसायला सुंदर आणि जहाल विषारी आहे, घरात मुलांच्या हाताला लागू द्यायची नाही. आणि त्याच ठेल्यावरून खर्रा घेणाऱ्याने पुड्यावर पैसे खर्चू नयेत. तंबाखू-सुपारीने रोज खरवडलेला घसा ज्येष्ठमधाने दोन तास शांत होईल, पुढच्या पुडीला पुन्हा तिथेच.

कूलरचं गवत मागच्या मोसमाचंच असेल तर त्याचा कुबट वास हीच सूचना समजा, ते बदला आणि झोत तोंडावरून बाजूला फिरवा. बीपीसाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असताना लागलेली कोरडी ढास गोळीचीही असू शकते. स्वतः बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. आणि दोन आठवडे उलटूनही खोकला तसाच, किंवा त्यासोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणं, थुंकीत रक्त यांपैकी काही असेल, तर सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी फुकट होते, ती आधी.

दुकानाबद्दल तक्रार एकच आणि ती जवळपास सगळ्यांनाच लागू: बांधणी. पातळ प्लॅस्टिकच्या थैलीत पिंपळी आणि ज्येष्ठमध जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी धरतात, शेजारच्या लवंगेचा वास वेलचीला लागतो, आणि थैलीवर नाव कधीच नसतं. घरी आल्यावर सुंठ कोणती, ज्येष्ठमधाची पूड कोणती, हे रंगावरून सांगता येत नाही. 50 ग्रॅमपेक्षा जास्त काही घेऊ नका, जाताना झाकणाच्या काचेच्या बाटल्या न्या, आणि चिठ्ठी दुकानदाराकडूनच लिहून घेऊन तिथेच बाटलीत टाका.